उंच गाडीतलं दूध

यंदाही पोळ्याला बैलांच्या खुरांना चिखल लागला नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ओट्यावर टेकतो आणि लगेच उठतो. फाटकापर्यंत जातो, रस्त्यावर कोणी नाही हे बघतो आणि परत येतो. वारा सारखा सुटलेला आहे. पावसाच्या वर्षी वारा झाडांतून वाहतो, कोरड्या वर्षी तो पत्र्यांतून वाहतो. गोठ्याचा पत्रा, दुकानावरची पाटी, टँकरचं सुटलेलं झाकण, दिवसभर सगळं वाजत राहतं. बायको म्हणते, "काय हरवलंय तुमचं, सांगा तरी. मी बी हुडकते."

तिला काय सांगू? अशाच एका कोरड्या वर्षी सात गावांसमोर मला चोर म्हटलं गेलं. मी चोर नव्हतो, हे म्हणणाऱ्यांनाही पुढं कळलं. पण तो शब्द कोणी परत घेतला नाही. दूध संघाकडं माझं एवढंच येणं आहे आणि इतक्या वर्षांत ते विसरायला मला जमलेलं नाही. पावसाची वर्षं असली की ते खाली जाऊन बसतं. वारा असा पत्र्यांतून वाजायला लागला की पुन्हा वर येतं.

अंगणात माझ्या चार गाड्या उभ्या असतात. तीन चालतात, कमावतात, आणि मी त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. चौथी लिंबाखाली उभी आहे. तिचा रंग कुठला होता हे आता मलाच सांगावं लागतं. मी कारखान्याच्या यार्डात उसाच्या मोळ्या उतरवणारा हमाल होतो, तेव्हा हा ट्रक घेतला. तीन दिवस भाव केला होता. पहिल्या दिवशी नुसते दोष दाखवले. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी नेमका जेवणाच्या वेळेला गेलो, कारण भुकेला माणूस लवकर खाली येतो. चहा पाजायला लागला तर प्यायचा नाही, हेही मी तिथंच शिकलो. लोक म्हणायचे बबन तापट आहे. आहेच. पण भाव करताना मी कधी तापलो नाही. त्या वेळी माझं डोकं घागरीतल्या पाण्यासारखं थंड असायचं.

ऊस वाहायचा म्हणजे गाडीनं वाकायचं नाही, एवढंच तेव्हा आम्हाला कळत होतं. चाकांच्या वर लोखंडी कमानीसारखे पट्टे एकावर एक रचलेले असतात, त्यांना आम्ही पाटे म्हणतो. सगळा भार त्यांच्यावर. माझ्या गाडीला मागं एका बाजूला सात पाटे होते, मी अकरा केले. तेवढ्यानं भागेना म्हणून पाट्यांखाली चार बोटं जाडीचा लोखंडी ठोकळा घातला. गाडी इतकी उंच झाली, की खालून शेळी मान न वाकवता जायची. मला त्याचा फार अभिमान. केबिनमध्ये बसलो की कुंपणांपलीकडची शेतं दिसायची, दुसऱ्यांच्या टपांवर काय बांधलंय ते दिसायचं. ज्यानं डोक्यावर मोळ्या वाहिल्या, त्याला उंचावर बसायची गोडी कशी असते, हे बसल्याशिवाय कळत नाही.

मग पावसानं पाठ फिरवली. ऊसच उभा राहिला नाही, तर कारखान्याच्या चिमणीतून धूर कुठून निघणार? आजूबाजूची माणसं कोयते घेऊन लांबच्या मुलखात गेली. माझी उंच गाडी दारात. तेव्हा संघाचा दुधाचा रस्ता रिकामा झाला आणि मी तो धरला. बालाघाटाच्या कडेची सात गावं, पहाटे निघायचं, गावोगावच्या दूध संस्थांचे कॅन गोळा करायचे आणि ऊन चढायच्या आत शीतकरण केंद्रावर पोचवायचे.

त्या वर्षी गावं दुधावर जगली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पिकं गेली होती. विहिरीच्या तळाचं जे काही निघे ते आधी म्हशीला, मग माणसाला. बायका ओढ्यातला वाळलेला पाला वेचून आणायच्या. उसाचं वाढं मिळालं तर सणासारखं वाटायचं. म्हशीच्या अंगावरची हाडं मोजता यायची, तरी ती वाटीभर जास्त द्यायची ती कशाच्या जिवावर, ते तिचं तिलाच ठाऊक. तो वास अजून नाकात आहे. डिझेल, तापलेला पत्रा, आणि झाकणांच्या रबरातून येणारा दुधाचा आंबूस वास. आणि तो आवाज. दिवाळीपर्यंत कॅन गळ्यापर्यंत भरून यायचे, तेव्हा ते जड, मुके असायचे. संक्रांतीनंतर दूध आटलं. कॅन अर्धे यायला लागले, पाऊण रिकामे यायला लागले. मग ते बोलायला लागले. डुबुक, डुबुक, डुबुक, घाट संपेपर्यंत.

खरं तर अर्धे कॅन एकात ओतून भरून घ्यायला काय हरकत होती? मी एकदा म्हणून बघितलं. दोन गावं भांडायला उठली. "त्यांचं पाण्याचं दूध आमच्यात? आमची फॅट मारता का?" प्रत्येक गावाचा कॅन वेगळा, त्यावर लाल रंगात गावाचं नाव, झाकणाला तार, तारेला शिक्का. एकाच संघाची सभासद गावं, एकाच गाडीत, खांद्याला खांदा लावून चाललेली, आणि एक थेंब एकमेकांत मिसळायला तयार नाहीत. असा आमचा सहकार.

शिमग्याच्या सुमाराला फॅट पडायला लागली. गावात मोजलं की बरोबर, केंद्रावर मोजलं की कमी. फॅट कमी म्हणजे दुधाला भाव कमी, आणि त्या वर्षी तो भाव म्हणजे घरातली चूल होती. आठ दिवस गेले, पंधरा गेले. केंद्रावर दूध तपासणारे एक साहेब होते. ते कमी बोलायचे आणि बोलताना चष्मा पुसायचे. एका सकाळी सगळ्या गावांचे सचिव कसल्याशा सहीला आले होते. त्यांच्यासमोर साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाणी घातलं असतं तर लॅक्टोमीटरची डिग्री उतरली असती. डिग्री बरोबर आहे, नुसती फॅट गेली. म्हणजे वरची मलई काढली जाते. गावात मोजून शिक्का बसतो. मग रस्त्यात कोण असतं?"

रस्त्यात मी असतो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कोणीतरी मागून म्हणालं, "तरीच म्हणलं बबनशेठचं पोट कावून सुटलं." हसले लोक. मी त्या साहेबांच्या कॉलरलाच हात घालणार होतो, दोघांनी धरला.

तापलेल्या माणसाला कोणीतरी हाताशी लागतं. मला लागल्या सुमनबाई. घाटाखालच्या, केंद्रापासून सगळ्यात लांबच्या गावाच्या त्या सचिव. बौद्ध वस्तीतल्या, दहावी झालेल्या, हिशेब नीट म्हणून संस्थेनं त्यांना नेमलेलं. गावातल्या काही घरांना ते आधीपासूनच खुपत होतं. दूध त्या मोजतात म्हणून दोन घरं मुद्दाम उशिरा यायची. त्यांच्या गावाची फॅट सगळ्यात जास्त पडत होती. दुसऱ्या दिवशी कॅन उचलायला गेलो तेव्हा रांगेतल्या माणसांसमोर मी बोललो, "रस्त्यात न्हाई जात मलई. शिक्का मारायच्या आधीच जाती. कुणाच्या घरात जाती ते बघा."

त्यांनी रजिस्टर मिटलं. पण रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि ते बघणं मी ओळखलं. ते बरेच दिवस अशा एका वाक्याची वाट बघत होते. वाक्य मी दिलं.

इथं थांबलं तर बरं वाटेल, पण आठवणी थांबत नाहीत. त्या पुढच्याच सकाळी सुमनबाई कॅनशेजारी पिशवी घेऊन उभ्या होत्या. "मी येणार हाय. मागं बसून. शिक्का मारते आन् शिक्क्यावरच बसते."

"बाई, मागं बसवणार न्हाई. केबिनमधी बसा."

"केबिनमधनं कॅन दिसत न्हाईत, बबनभाऊ. तुमी चोर का मी चोर, एकदा दोघांनाबी दिसू द्या."

त्या मागं चढल्या. मी रागानं गाडी हाणली. खोटं कशाला बोलू, मुद्दाम हाणली. मांजरेचं कोरडं पात्र ओलांडताना दगडगोट्यांतून, घाटात खड्ड्यांतून. आरशात बघायचो तर त्या दोन्ही हातांनी कडी धरून, एक पाय कॅनला अडकवून बसलेल्या. गाडी उडाली की त्या उडायच्या. केंद्रावर उतरल्या तेव्हा त्यांच्या कोपराची सालं निघाली होती. मी काही विचारलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं तार तोडली, झाकण उघडलं, उलटं केलं आणि बघत राहिल्या. मग बोट फिरवून माझ्यासमोर धरलं.

बोटावर लोणी होतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात हसू ऐकू आलं, "तुमची गाडी लोणी काढती. घाटातनं येऊस्तवर घुसळण चालू हाय. आत बघा, बारीक बारीक कण तरंगायलेत. खालून दूध घेतलं तर फॅट कुटून लागंल?"

भरलेल्या कॅनमध्ये दुधाला हलायला जागा नसते. अर्ध्या कॅनमध्ये ते आपटतं, आणि माझी अकरा पाट्यांची गाडी त्याला दीड तास आपटत होती. फॅट कुठंच गेली नव्हती. ती झाकणाला, गळ्याला चिकटून केंद्रापर्यंत येत होती. कॅन धुणारे दोन गडी कोपऱ्यात उभे होते. सुमनबाईंनी त्यांच्याकडं वळून विचारलं, "का हो, तुमाला रोज दिसत असंल की हे?" त्यातला एक चुळबुळला. "दिसत हुतं ताई. पर आमी म्हणलं... भाकरीबरूबर बरं लागतंय." पंधरा दिवस सात गावांची फॅट त्या दोघांच्या भाकरीवर गेली होती, आणि चोर मी.

साहेबांना झाकण दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. "लोणी तुम्ही वरून लावलं नाही हे कशावरून? रीडिंग बरोबर आणून दाखवा, मग बघू." आणि संघाच्या रजिस्टरमध्ये त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, वाहतूकदार संशयित, आणि त्याखाली, माझ्या त्या वाक्याच्या कृपेनं, घाटाखालच्या संस्थेच्या सचिव संशयित. मी रांगेत बोललो ते त्याच दिवशी फोनवरून केंद्रावर पोचलं होतं. अशी बातमी माझ्या गाडीपेक्षा जोरात धावते.

तेव्हा मी पाटोद्याला करीमचाचांकडं गेलो. बाजारतळाच्या मागं त्यांचं पाट्यांचं दुकान होतं. भाता, ऐरण, आणि दारात मोडक्या पाट्यांचा ढीग. म्हातारा गाडीखाली झोपला, हातानं पाटे चाचपले आणि तिथूनच शिव्या द्यायला लागला.

"क्या रे बबन, ही गाडी हाय का उखळ? अकरा पाटे कावून घातले बे? जंगून सगळे एक झालेत. पाटा पाट्यावर सरकला पायजे, तवा गाडी चालती. हे पाटे न्हाईत, रेल्वेचा रूळ हाय रूळ."

मग त्यांनी मागच्या डाव्या चाकाखाली एक मोठा दगड ठेवला आणि मला गाडी त्याच्यावर चढवायला लावली. चाक चढलं तशी अख्खी गाडी तिरपी झाली. चाचांनी मला खाली बोलावलं. पुढचं डावं चाक जमिनीवरून सुटलं होतं. त्यांनी चाकाखालून हात घातला, तळहात आरपार गेला. "बघ. एक पाय वर केला तर दुसराबी वर. गाडीनं चारी पायांनी जमीन धरली पायजे. खड्डा चाकानं खायचा, वरच्या मालानं न्हाई."

त्यांचं म्हणणं, चार पाटे काढायचे, सात ठेवायचे, ठोकळा काढायचा. मी म्हटलं, ठोकळा काढला तर नदीतले दगड खाली लागतील. ते म्हणाले, उंची मी कमानीतून देतो. पाटे तापवून, घाव घालून त्यांची कमान चढवीन, म्हणजे गाडी उंच राहील आणि वाकेलही. हे ऐकूनही मला राहवेना. सात का, पाच ठेवा, म्हणजे अजून मऊ होईल. चाचा म्हणाले, सात. मी म्हटलं, पाच. ते म्हणाले, अरे ही काय वांगी हायेत का? पण मी तिथंही भाव केला. तासभर. शेवटी म्हाताऱ्यानं हात जोडले, "पाच घे. आन् परत येशील तवा तोंड लपवत येऊ नको."

तीन दिवस मी त्या दुकानात होतो. गंज खरवडताना निघणारी तांबूस भुकटी घामात मिसळून हातांवर मेंदीसारखी बसायची. घासलेटनं धुतलेला एकेक पाटा उन्हात ठेवायचा, मध्ये ग्रीस भरायचं. पाट्यांच्या टोकातले झिजलेले बुश काढून नवे घालायचे. कडेच्या लोखंडी पट्ट्या इतक्या घट्ट होत्या, की पाट्यांना श्वास घेता येत नव्हता. त्या सैल केल्या. पाट्याचं टोक ज्यात लोंबतं ती कडी बदलून लांब घातली. पुढचे दोन्ही शॉकअप कधीच मेलेले होते. ते काढून हातात धरले तर तेल न सांडता नुसते खुळखुळले. एवढी वर्षं मी काय चालवत होतो?

आणि मी परत आलो, तोंड लपवतच आलो. पाच पाट्यांची गाडी नदीच्या पात्रात गेली आणि दारू प्यायल्यासारखी झुलली. सुमनबाई पुन्हा मागं बसलेल्या होत्या. एक मोठा हेलकावा आला आणि त्यांच्या गावाचा कॅन कलंडला. तार तुटली, झाकण उडालं. मी गाडी थांबवून मागं धावलो. फळ्यांच्या फटींतून दूध खाली गळत होतं, आणि नदीची वाळू ते पीत होती. पाण्याचा थेंब न पाहिलेल्या त्या वाळूवर पांढरा डाग क्षणभर राहायचा आणि नाहीसा व्हायचा. सुमनबाईंनी कॅन उभा केला. आत वाटी-दोन वाट्या उरलं होतं. त्या म्हणाल्या, "चौदा घरांचं हुतं." एवढंच. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

चाचांनी पुन्हा सात केले. या वेळी मी भाव केला नाही. दगडावर चाक चढवलं. मागची बाजू वाकली, उरलेली तिन्ही चाकं जमीन धरून राहिली. चाचांनी पुढच्या चाकाखाली हात घालून बघितला, बोटसुद्धा गेलं नाही. कॅनच्या मधल्या फटींत गोणपाट कोंबून ते एकमेकांना घट्ट बांधायचं सुमनबाईंनी सुचवलं, टायरमधली हवा थोडी कमी करायचं चाचांनी. त्या दिवसानंतर मी गाडी वेगळीच चालवायला लागलो. खड्डा आला की जिभेखाली गोळी धरून ठेवावी तसा ब्रेक धरायचो. मागून आवाज येत नव्हता. ती शांतता ऐकत मी घाट पार केला, आणि इतक्या वर्षांत तेवढा हलका मी कधीच नव्हतो.

रीडिंग बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी आलं, आठ दिवस आलं. साहेबांनी ते नुसतं लिहून घेतलं. पंधराव्या दिवशी संघाच्या चेअरमननी बोलावलं.

हा प्रसंग मी लोकांना खूप वेळा सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा सांगितला आहे. आज जसा झाला तसा सांगतो. सुमनबाई माझ्याबरोबर आल्या होत्या, पण आत एकालाच बोलावलं, म्हणून त्या बाहेर बाकावर बसल्या. आत जाताना मी त्यांना म्हटलं होतं, "दोघांचंबी बोलतो. सात गावांत येऊन म्हणायला लावतो, आन् रजिस्टरमधलं खोडायला लावतो. न्हाई तर गाडी लावणार न्हाई."

चेअरमन पांढऱ्या कपड्यातला, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी चहा मागवला. मी प्यायलो नाही. "बबनराव, गैरसमज झाला. होतो माणसाचा. बोलून टाकू की गावात, त्यात काय एवढं? पण आधी पुढच्या सालाचं बघू. तुमच्यासारखी गाडी दुसऱ्या कुणाची नाही आता." त्यांनी रस्ता पुढच्या वर्षालाही देऊ केला. मी म्हटलं, भाव वाढवा. त्यांनी थोडा वाढवला. मी उठलो, त्यांनी बसवलं. मग वडवणीच्या बाजूचा दुसरा रस्ता निघाला. मी त्यातले दोष दाखवले. ते वर आले. मी गप्प राहिलो. ते अजून वर आले. डोकं घागरीतल्या पाण्यासारखं थंड होतं. इतका चांगला भाव मी आयुष्यात कधी केला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "एवढं दिलं तर मग गावात जाऊन बोलायचं ते राहू द्यायचं. संघाची नाचक्की होते. देणं-घेणं म्हणतात ते हेच."

आणि मी म्हटलं, "राहू द्या."

कोणी गळा धरला नव्हता. शब्द माझ्याच तोंडून गेला. आणि तो निव्वळ माझाच नव्हता, त्यात सुमनबाईंचाही होता. त्यांचा शब्द मी कोणाला विचारून सोडला? हे मी आज लिहितो आहे. त्या वेळी मात्र मी जिंकल्यासारखा बाहेर आलो.

सुमनबाई उठून उभ्या राहिल्या. "बोलले का?"

"बोलतील. पुढच्या महिन्यात."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग पिशवी खांद्याला लावली. "तुमचा रस्ता ऱ्हायला ना?"

"ऱ्हायला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि बसस्टँडकडं चालत गेल्या. माझ्या गाडीत बसल्या नाहीत.

पुढच्या वार्षिक सभेत त्यांच्या गावच्या संस्थेनं नवा सचिव नेमला. रजिस्टरात शेरा आहे म्हणाले. शेरा खोडला गेला असता तर त्यांना दुसरं काहीतरी हुडकावं लागलं असतं, आणि हुडकलंही असतं कदाचित. पण हुडकायची वेळच आली नाही. मी त्या काळात दोन रस्त्यांवर धावत होतो. दुसरी गाडी घेतली, तिसरी घेतली. आणि सगळ्यांना सांगत राहिलो, की संघानं मला चोर म्हटलं आणि तो शब्द परत घेतला नाही. ऐकणारे हळहळायचे. मलाही खरंच वाईट वाटायचं, अजूनही वाटतं. फक्त त्या गोष्टीतून मी एक माणूस काढून टाकला होता, जसे पाटे काढतात तसा, आणि मग गोष्ट कशीही वळायला मोकळी झाली.

गेल्या सोमवारी वारा फारच होता. मला राहवलं नाही. मोटारसायकल काढली आणि घाटाखालच्या गावाला गेलो, दूध घालायच्या वेळेला. आता तिथं मशिन आहे, आकडे लाल उजेडात उमटतात. रांग मात्र तीच. सुमनबाई रांगेत चौथ्या होत्या, केस पिकलेले, हातात किटली. त्यांनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मी रांगेच्या पुढं जाऊन उभा राहिलो आणि बोलायला लागलो. मोठ्यानं बोललो. त्या वर्षी मलई कोणी चोरली नव्हती, या बाईंनी तर नाहीच. मी यांच्यावर आळ घेतला तो खोटा होता. आळ निघायची वेळ आली तेव्हा मी तो रस्त्यांच्या बदल्यात तसाच ठेवला. निम्म्या लोकांना मी कशाबद्दल बोलतोय हे माहीत नव्हतं. ज्यांनी तेव्हा एकमेकांकडं पाहिलं होतं, त्यातला एक वारला, एक लेकाकडं पुण्याला गेला. एका तरुण पोरीनं विचारलं, "आज्जी, हे कोन हायत?"

सुमनबाई पुढं आल्या. "झालं का बोलून?"

"झालं."

"हितं कुणाला सांगायलात? ह्यांनी कुटं लिवलंय? लिवलेलं संघात हाय. तितं जा, ते पान काढायला लावा, माझ्या नावाम्होरचं खोडा, आन् मला आणून दाखवा."

मी म्हटलं, "जातो. उद्याच जातो. चेअरमन आता दुसरे हायत, त्यांच्याशी बोलून बघतो, काहीतरी..."

त्यांनी किटलीतलं दूध मापात ओतलं, मशिनवरचा आकडा बघितला, पावती घेतली. मग माझ्याकडं वळल्या.

"तितं चहा पिऊ नका," त्या म्हणाल्या, "आन् भाव करू नका."